निम्मं दुखणं

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. देवापुढे नाही, गुत्त्यावर नाही — आणि गुत्त्यावर माणूस काय काय ओकतो ते तुला ठाऊक असेल, नसेल तर तू नशीबवान. मथुरेला तर नाहीच नाही. मथुरा म्हणजे माझी बायको. गेली ती. दोन महिने झाले. प्लेगाने नाही — लोक दोन हात लांब सरकून विचारतात म्हणून आधीच सांगून टाकतो — साध्या तापाने गेली, पाच दिवसांत. तिला सांगायला मला पंचवीस वर्षं होती. पंचवीस वर्षांत माणूस काय सांगू शकत नाही? मी नाही सांगितलं.

मी शिकलेला नाही. अक्षरं आली ती चाळिशी उलटल्यावर. मिठागरावर एक कारकून होता, त्याने हौसेने गिरवून घेतली. त्यामुळे जोडाक्षर आलं की माझा बोरू अडखळतो. अडखळू दे. सांगायचं ठरवलंय तर सांगणारच. मात्र सरळ जाता येणार नाही, गड्या. खाडीत ओहोटी असली की होडी सरळ नेता येत नाही, गाळ टाळून वळसा घ्यावा लागतो. तसा वळसा घेतोय. पोचणार आहे, तू काळजी करू नकोस.

आम्ही कळव्याचे. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ठाणं. बापजाद्यांपासून मिठागरावर राबतो. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाने आटवायचं, मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने ओढून राशी घालायच्या. पिकवायचं आम्ही, आणि घरी खडा न्यायचा तर पहाऱ्यावरच्या शिपायाचं तोंड बघायचं. ते असो. त्याचं रडगाणं आज नाही.

आमच्यात एक चाल आहे, ती तुला सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मिठाचा खडा जिभेवर असताना खोटं बोलायचं नाही. देवळात खोटी शपथ खाणारे मी पाहिलेत, गळ्याची शपथ घेऊन बायकोला बनवणारे पाहिलेत. पण बांधावर भांडण पेटलं, आणि कोणी म्हातारा म्हणाला, "ठेव खडा, मग बोल," की भल्याभल्यांची बोबडी वळते. का? अरे, जे पिकवून पोट भरतो ते तोंडात धरून खोटं बोललं तर उरलं काय मग माणसात?

हे माझंच वाक्य आहे. मिठागरावरच्या पोरांना मी ते सांगत असे. लक्षात ठेव.

तर ज्या साली बांध फुटला, त्या सालची गोष्ट. होळीच्या पुनवेचं उधाण आलं, आणि जो बांध आम्ही पक्का समजत होतो तो तीन जागी फुटला. राशी घातलेल्या होत्या. सकाळी जाऊन बघतो तर पांढरं काही नाहीच. सगळी खाडी. चार महिन्यांचं काम चार घटकांत विरघळून गेलं, आणि वर ते पाणी इतकं शांत, जणू आम्हीच वेडे, तिथे कधी काही नव्हतंच. मालकाने हात वर केले. आम्ही दगड फोडायला जायचो, खेकडे धरायचो, मिळेल ते करायचो. घरात तांदळाची पेज, आणि पेजेत तांदूळ शोधावा लागे.

आणि त्याच दिवसांत मथुरेच्या डोक्यात ते आलं.

दिवे लागले की ती आम्हाला बसवायची. मी, ती, आणि आमची बायजा — सात वर्षांची, एकुलती एक. प्रत्येकाच्या जिभेवर एक खडा. तो विरघळायच्या आत आज काय बरं झालं ते एक सांगायचं. एकच. पण खरं. खडा आहे ना जिभेवर.

मी हसलो. चिडलोही. म्हटलं, "काय बरं झालं? बांध फुटला ते?"

"ते नका सांगू, ते कालचं. आजचं सांगा," ती म्हणाली.

"आज खेकडा चावला नाही."

"झालं की! देवाचे उपकार. बायजे, तू?"

बायजा म्हणाली, "आज बाला खेकडा चावला नाही, म्हणून बा शिव्या देत आला नाही."

मथुरा हसली ती इतकी हसली की तिचा खडा गिळला गेला, दुसरा घ्यावा लागला. असं ते सुरू झालं. मी मोठ्या तोऱ्याने म्हणायचो, बायकांचे खेळ. पण खरं सांगू? दुपारी दगड फोडताना मी शोधायला लागलो — आज काय सांगायचं? घोटभर थंड पाणी मिळालं, ते सांगू? आगगाडी पुलावरून जाताना एका पोराने हात हलवला, ते सांगू? ज्याला रोज एक शोधायचं असतं त्याची नजर बदलते. उपाशी माणसाला उपकार मानायला सांगणं म्हणजे थट्टा, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी उपाशी होतो, आणि मी सांगतो, त्या वर्षी आम्ही माणसांत राहिलो ते त्या खड्यामुळे. काही नसेल तर "आज काही नाही" म्हणायची मुभा होती. पण सलग दोन दिवस म्हटलेलं मथुरेला चालत नसे. "आंधळे झालात का?" म्हणायची.

आता दाढ.

बायजाची दाढ किडली होती. लवंग झाली, कापूर झाला, कुणी सांगितलं म्हणून रुईचा चीकही झाला. गाल फुगून एक डोळा बारीक झाला. पोर तोंड धरून भिंतीशी बसायची. ठाण्याला तळ्याच्या पाळीवर एक न्हावी बसायचा, दात काढण्यात त्याचा हात बसलेला होता. त्याच्याकडे न्यायचं ठरलं. मी म्हटलं, आपण तिला सांगू, बाजारात जातोय. तिथे गेल्यावर दोघे धरतील, एकजण उपटेल, संपलं. असंच करतात सगळे. मलाही असंच — जाऊ दे. ते सांगितलं तर ती सबब होईल. मी सबब सांगायला बसलेलो नाही.

मथुरेने माझ्याकडे असं बघितलं, जसा मीच तो दात उपटायचा जंबुरा.

ती म्हणाली, पोराला फसवून नेलं की दात एकदाच निघतो, पण भीती जन्मभर उगवत राहते. आणि तिने आठ दिवस घेतले. पोराला दात काढायला कसं न्यावं ते मला कोणी विचारलं, तर मी मथुरेचे आठ दिवस सांगतो. दुसरं काही सांगायची माझी लायकी नाही.

पहिल्या दिवशी तिने नुसतं सांगितलं. दाढ काढायची आहे. दुखेल. खूप वेळ नाही दुखणार, पण दुखेल. मी मध्येच म्हणालो, मुंगी चावल्यासारखं. तर माझ्यावर खेकसली — "मुंगी काय? पोरीला काय मुंगी माहीत नाही? तिथे गेल्यावर कळेल ना तिला, की आपला बा खोटं सांगतो!"

मग ओल्या चिखलाचं तिने एक तोंड केलं, त्यात चिंचोके बसवले. दात. त्यातला एक किडका, कोळसा लावलेला. चुलीचा चिमटा घेऊन बायजा न्हावी झाली. रोज काढायची, रोज बसवायची. एके दिवशी मला म्हणाली, "बा, आता तू बस. आ कर." मी आ केला. ती चिमटा घेऊन जवळ आली — चिमट्याने दाताला शिवली सुद्धा नाही — आणि मी डोकं असं मागे घेतलं की भिंतीवर आपटलं. दोघी पोट धरून हसल्या. मीही हसलो. पाठीला घाम सुटलेला तो त्यांना दिसला नाही.

श्वास शिकवला. मीठ ओढतात तसा. फळी ओढली की श्वास आत, सोडली की बाहेर. ओढ, सोड. ओढ, सोड. तोंड उघडं ठेवून नाकाने. पोर चालता-बोलता ते करायला लागली.

आणि शेवटचं हे. मथुरा तेव्हा पोटुशी होती. पुढे ते मूल राहिलं नाही, पण तेव्हा तिला दिवस भरत आले होते, होडीत चढणं जमणार नव्हतं. म्हणून न्यायचं मी. तिने माझा हात घेतला, बायजाच्या हातात दिला, आणि म्हणाली, "न्हावी जंबुरा लावील तेव्हा हा हात दाबायचा. जितकं दुखेल तितका जोरात दाब. तुझं निम्मं दुखणं बाकडे जाईल. मोठा आहे तो, त्याला पेलेल."

बायजाने मला विचारलं, "पेलेल ना बा?"

मी म्हटलं, पेलेल.

आलं का लक्षात, होडी कुठे निघालीय?

सकाळी निघालो. पोरीला अजिबात भीती नव्हती, खोटं नाही सांगत. होडीवाल्याला आपणहून म्हणाली, "आज माझी दाढ काढायची आहे. मी रडणार आहे, पण थोडीच." तो म्हणाला, "थोडीच का ग? पैसे देतो बा तुझा, पोटभर रड." ती म्हणाली, "नाय, निम्मं बा रडणार आहे." सगळी होडी हसली. मी पाण्यात बघत बसलो.

तळ्याच्या पाळीवर निंबाखाली न्हाव्याची बैठक. पितळेचं भांडं, पाण्याची घागर, एक बसका दगड. आमच्या आधी एक गडी होता, आमच्यामागे एक म्हातारी. किरिस्तावांच्या आळीतली, लाल चौकड्याचं लुगडं, गळ्यात क्रूस, एका गालावर फडकं बांधलेलं. सुक्या बोंबलांची टोपली शेजारी. दुखत असूनही बडबड चालूच — त्या गड्याला म्हणते, "बायको समोर असली का असाच बोंबलतस का रं?"

आमची पाळी आली. बायजा जाऊन दगडावर बसली. आपली आपण. न्हावी भला माणूस होता, त्याला दोष नाही. त्याने जंबुरा तिच्या पुढे धरला, म्हणाला, "हात लावून बघ, पोरी. गार आहे की नाही?" तिने हात लावला. म्हणाली, "आमचा चिमटा याहून मोठा आहे." मग मान वर करून तोंड उघडलं. इतकं मोठं उघडलं की न्हावी म्हणाला, "शाब्बास! मोठी माणसं एवढं उघडत नाहीत." आणि मला म्हणाला, "या, बसा इकडे. हात द्या तिला."

तिने हात पुढे केला.

मी तो जंबुरा बघितला. त्याच्या तोंडाला, खाचेत, आधीच्या गड्याचं थोडं लाल राहिलं होतं.

मी म्हणालो — माझाच आवाज, मी ऐकला — "थांबा, पोरीला गूळ घेऊन येतो. नंतर लागेल तोंडात." आणि चालायला लागलो.

न्हावी म्हणाला, "अहो, नंतर आणा!" मी थांबलो नाही. तोंड उघडं असताना पोर बोलणार काय? ती बोलली नाही. दहा-बारा पावलांवर मी मागे वळून बघितलं. हे मला वगळता आलं असतं. तुला कुठून कळणार होतं? पण बघितलं. ती तशीच बसलेली, तोंड आभाळाकडे, डोळे मिटलेले. मिटून घ्यायचे, असं मथुरेने शिकवलं होतं. आणि हात पुढे. हवेत. बोटं उघडी. माझी वाट बघत.

मी बघितलं. आणि पुढे गेलो.

देवळाच्या कुसवामागे जाऊन उभा राहिलो. गुळाचं दुकान समोर दिसत होतं. तिकडे गेलोही नाही. दोन्ही कान दाबून उभा, एवढा बाप्या, बांधावर साप ठेचणारा, भरतीच्या पाण्यात छातीभर उतरणारा. कान दाबले तरी ऐकू आलं. एकदाच. "बा." रडणं नव्हतं ते. हाक होती. तोंड उघडं ठेवूनही "बा" म्हणता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मग काही नाही. मग मी जाऊन गूळ घेतला. सांगितलं तसं झालं पाहिजे ना? खोटं पडता कामा नये!

परत आलो तर संपलं होतं. बायजा दगडावर बसून भांड्यात थुंकत होती. डोळ्यांत पाणी, पण ओरडत नव्हती. नाकाने ओढ-सोड चाललेलं. आणि तिचा तो हात त्या किरिस्ताव म्हातारीच्या हातात होता. म्हातारी जमिनीवर फतकल मारून बसलेली, स्वतःच्या गालावरचं फडकं सुटून खांद्यावर आलेलं. मला बघून म्हणाली, "आला बापूस! गूळ आणाया घोडबंदरला गेलतास का रं?"

न्हावी हसला. मीही हसलो. हसलो मी, ऐकतोयस ना?

म्हातारी हसली नाही. मनगट पुढे केलं. त्यावर चार नखं उमटली होती, खोल, एकातून रक्त. म्हणाली, "बघ. कवरा जोर हाय पोरीला. सांडस हाय, सांडस." आणि बायजाच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या पाळीला बसली. तिचा हात धरायला कोणी नव्हतं. तिचं नाव मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चार नखं. माझ्या हातावर उमटायची ती.

इथे थांबलो असतो तर भित्रा म्हणून सुटलो असतो. भित्री माणसं जगात पुष्कळ आहेत. पण ऐक. परतीच्या होडीत मला आठवलं, की मथुरा हात बघणार. नक्की बघणार. मी पाठ फिरवून बसलो, आणि उजव्या हाताची नखं डाव्या मनगटात रुतवली. कातडी फाटेपर्यंत. पेलेल म्हणालो होतो ना? पेललं. नीट चार खुणा केल्या, लहान हाताच्या अंतरावर. मोजून. अशी कामं मला जमतात.

मान वळवली तर बायजा बघत होती. तोंडात कापडाची घडी, हातात तो गूळ, खाल्लेला नाही. माझ्या मनगटाकडे बघत होती. मग खाडीकडे बघायला लागली.

घरी पोचलो. मथुरेने पोरीला पोटाशी धरलं, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करवल्या, आणि मग म्हणाली, "दाखवा हात." मी दाखवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीकडे बघून नव्हतं आलं, ते माझ्या हाताकडे बघून आलं. हळद आणली, आणि त्या चार खुणांवर लावली, फुंकर घालत घालत. बायजा चुलीपाशी बसून बघत होती. एक शब्द बोलली नाही. तोंडात घडी होती म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

दिवे लागले. खडे ठेवले. मथुरा म्हणाली, आज आधी तुम्ही.

मी तेव्हा काय काय सांगू शकत होतो? दाढ निघाली, हे बरं झालं. खरं होतं. पोर रडली नाही. खरं होतं. एका परक्या बाईने हात धरला, उपकार तिचे — हे तर सगळ्यांत खरं होतं. "आज काही नाही" म्हणायचीही मुभा होती. एवढे खरे रस्ते उघडे होते. आणि मी जिभेवर खडा ठेवून, माझ्या बायको-पोरीसमोर, म्हणालो — "आज पोरीचं निम्मं दुखणं माझ्याकडे आलं, ते बरं झालं."

बायजाने तिचा खडा तोंडातून काढला. दोन बोटांनी. आणि जमिनीवर ठेवला.

"काय ग?" मथुरेने विचारलं.

"झोंबतं," बायजा म्हणाली.

झोंबणारच, मथुरा म्हणाली, ओली जखम आहे. दुसऱ्या दिवशीही झोंबलं. महिना झाला, जखम भरली, पुढे काही वर्षांनी तिथे नवी दाढ वर आली, तरी झोंबतंच. बायजा बसायची, एक बरं सांगायची, पण खडा पुन्हा कधी जिभेवर ठेवला नाही. लग्न होऊन ठाकुर्लीला जाईपर्यंत नाही. मथुरा म्हणायची, पोरीच्या मनात दाढेचं भय बसलंय, खड्याने आठवतं तिला. पोरीच्या मनात काय बसलं होतं ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. आणि त्या दोघांनी ते एकमेकांशीही कधी काढलं नाही. बायजा मला कधी टाकून बोलली नाही. सणाला येते, पाया पडते, मासळी आणते. फक्त लहानपणी रस्त्याने चालताना माझं बोट धरायची ना — ते त्या दिवसापासून सुटलं. गर्दीतही नाही धरलं.

आणि मथुरा? मथुरेला जेव्हा कधी सांगायला काही सापडत नसे — ते मूल गेलं तेव्हा, माझा पाय मोडला तेव्हा — तेव्हा ती खडा ठेवून म्हणायची, "माझ्या घरचा माणूस पोरीचं दुखणं वाटून घेणारा आहे, हे बरं आहे." पडत्या काळात तिने ज्याचा आधार धरला ते हे. पोकळ. आतून खाल्लेल्या दाढेसारखं, वरून पांढरं. मी समोर बसून ऐकायचो. मान खाली घालायचो. शेजारणी म्हणायच्या, किती गरीब स्वभावाचा माणूस.

गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने खडा मागितला. ओठ सुकलेले होते, मी म्हटलं, नको. तिने ऐकलं नाही. ठेवला. नेहमी म्हणायची तेच म्हणाली. वर म्हणाली, "आता माझा हात धरा." मी धरला. तिने दाबला, होता तेवढा जोर लावून. माझ्या मनगटावर खूण उमटली नाही, एवढाच जोर उरला होता. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, झोप.

हे आज का लिहितोय ते सांगतो आणि उठतो.

बायजा चार दिवस झाले आलीय, धाकटीला घेऊन. तुळशी तिचं नाव. सात वर्षांची. दाढ किडलीय. ठाण्याला आता त्या न्हाव्याचा मुलगा बसतो, त्याच निंबाखाली. बायजाने आठ दिवस घेतले, तिकडे घरीच. चिखलाचं तोंड, चिंचोके, ओढ-सोड, सगळं. आईचं एकही विसरली नाही. आज सकाळी निघाल्या. बायजा मला "चल" म्हणाली नाही. मीही "येतो" म्हणालो नाही.

दारात तुळशी थांबली. म्हणाली, "आजा, आयची दाढ काढली तेव्हा तिने तुझा हात खूप दाबला होता ना? आजी सांगायची. दुखलं होतं तुला?"

बायजा गाठोडं बांधत होती. तिचे हात थांबले. वर बघितलं नाही, पण थांबले.

मथुरा नव्हती. कोणाला वाचवायचं नव्हतं. मी म्हातारा, मला कसली भीती आता? पोर तोंड वर करून बघत होती.

मी म्हणालो, "हो ग. खूप दुखलं."

बायजाने गाठ मारली. पोरीचा हात धरला. "चल, होडी जाईल," म्हणाली, आणि गेल्या.

तर मी पळालो तो पंचवीस वर्षांपूर्वी एकदा, असं समजू नकोस. आज सकाळीही पळालो. पोरीचा हात हवेत होता, मी बघितला, आणि गेलो. तिचं निम्मं दुखणं माझं होतं, ते मी घेतलं नाही. त्याचं कौतुक मात्र पुरेपूर घेतलं.

लिहायला बसताना जिभेवर खडा ठेवला होता. तो पहिल्या पानावरच विरघळला. नंतर दोन ठेवले.

बायजाला अक्षर येत नाही. हे तिला वाचून दाखवायचं तर मलाच दाखवावं लागेल. तोंड उघडून, तुळशीच्या समोर.

होडी काठाला लागलेली दिसतेय.